न मारणाऱ्या दुखण्याची नोंद



व्याख्यानाचा विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा मी 'हाताच्या सांध्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं कोडिंग' असं कळवलं. फोनवर जरा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग अदबीनं विचारणा झाली, "मॅडम, आरोग्यावरचं दुसरं काही सोपं नाही का?" आहे की. आहार, व्यायाम, मधुमेह यांवर तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे आणि ऐकून घरी जाऊन जिलेबीही खाल्ली आहे. आज जरा अडगळीतला विषय घेऊ.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हापासून हा जिल्हा बाहेरच्यांना आकड्यांनीच माहीत आहे. बालमृत्यू किती, मातामृत्यू किती, कुपोषित बालकं किती. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले. त्यांत आपण होतो, तेही याच आकड्यांमुळे. हे मोजायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोजणीची सुरुवात मरणापासून झाली की मोजणाऱ्याची नजरही तशीच घडत जाते. ज्या दुखण्यानं माणूस मरत नाही, नुसता तीस वर्षं कण्हत काम करतो, ते दुखणं त्या नजरेत भरत नाही.

हे काही नंदुरबारपुरतं नाही. रोगांना क्रमांक देण्याची जी जागतिक पद्धत आज आपण वापरतो, तिचा जन्मच मृत्यूच्या यादीतून झाला. जाक बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. कोण कशानं मेलं, हे पॅरिस, लंडन, शिकागो अशा सगळ्या शहरांनी एकाच पद्धतीनं लिहावं, एवढाच तिचा हेतू होता. पुढं दर दहाएक वर्षांनी यादी सुधारत गेली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा कुठे जिवंत माणसांच्या आजारांना तिच्यात रीतसर जागा मिळाली. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं या वर्गीकरणात शिरायचं तर आधी मरावं लागत होतं.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात, त्यात मृत्यूचं कारण पायरीपायरीनं लिहितात आणि त्या कारणाला पुढे कोड पडतो. जिवंत माणूस बाह्यरुग्ण विभागात येतो, गोळ्या घेऊन जातो, त्याच्या दुखण्याचा कोड ठरवायची सक्ती कुणावर नसते.

आता हाताकडे येते. हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांध्यातली कूर्चा विरत जाते, कडेला नवं हाड वाढतं, बोटांना गाठी येतात. नखाजवळच्या सांध्यावर येणाऱ्या गाठींना हेबर्डन यांचं नाव आहे, मधल्या सांध्यावरच्या गाठींना बुशार यांचं. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले लंडनचे नामांकित वैद्य. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८०२ मध्ये निघालं. त्यात त्यांनी या गाठींवर अगदी थोडकं लिहिलं आहे: वाटाण्याएवढ्या, टणक, जन्मभर राहणाऱ्या, गाऊटशी संबंध नसलेल्या. निरीक्षण अचूक आहे. पण पुढे त्यांचं म्हणणं असं, की त्या दिसायला वाईट, त्रास मात्र फारसा नाही. हेबर्डनसाहेबांच्या रुग्णांना मिरचीचे देठ खुडावे लागत नव्हते, हे उघड आहे.

रोगांच्या त्या जागतिक वर्गीकरणाच्या, आपल्याकडे सध्या प्रचलित असलेल्या दहाव्या आवृत्तीत या हाताला किती जागा आहेत ते पाहा. हेबर्डनच्या गाठी म्हणजे एम १५.१. बुशारच्या गाठी एम १५.२. सांध्याचं हाड पोखरणारा प्रकार एम १५.४. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा पुढे जो खोगिरासारखा सांधा असतो, त्याच्यासाठी एम १८ हा पूर्ण स्वतंत्र वर्ग. त्यातही दोन्ही अंगठे आपोआप झिजले असतील तर एम १८.०, जुन्या दुखापतीमुळे झिजले असतील तर एम १८.२. हाताचे उरलेले सांधे एम १९ मध्ये, आणि जागा दाखवायला पाचव्या स्थानावर ४ हा आकडा.

यात खाचाखोचा आहेत. एम १५ हा वर्ग अनेक ठिकाणच्या सांध्यांसाठी आहे. दोन्ही हातांचे अंगठे दुखतात म्हणून नवखा माणूस 'अनेक सांधे' असं धरून एम १५ लिहून मोकळा होतो. नियम सांगतो की एकाच सांध्याची डावी-उजवी जोडी बिघडली असेल तर ते अनेक ठिकाण नव्हे. ते एम १८.० च. आणखी एक गंमत म्हणजे जागा दाखवणाऱ्या आकड्यांत मनगटाची छोटी हाडं हातात धरली आहेत, पण मनगटाचा सांधा मात्र कोपराखालच्या बाहूत, म्हणजे ३ या आकड्याखाली. अकराव्या आवृत्तीनं हे भांडण मिटवलं. तिथे एफए ०२ या एकाच वर्गात मनगट आणि हात सोबत नांदतात.

हे सगळं किती बारकाईनं करता येतं, ते पाहायचं असेल तर पुण्याला किंवा नवी मुंबईला जा. तिथल्या कार्यालयांत बसून आपली मुलंमुली अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचून कोड देतात. अमेरिकेनं दहाव्या आवृत्तीचं स्वतःचं वाढीव रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलं. त्यात उजवा-डावाही वेगळा आहे: उजव्या हाताचे सांधे झिजले तर एम १९.०४१, डाव्या हाताचे तर एम १९.०४२. विम्याचं बिल त्यावर अवलंबून असतं, म्हणून एकेक आकडा तपासला जातो. अमेरिकेतल्या एखाद्या आजीचा कुठला अंगठा दुखतो हे पुण्यातल्या मुलीला ठाऊक असतं. आपल्या धडगावच्या आजीचा कुठला दुखतो, हे धडगावच्या रजिस्टरलाही ठाऊक नसतं. कौशल्याची वानवा आपल्याकडे नाही. ते कौशल्य ज्याच्या बिलाला लागतं त्याच्याकडे जातं.

आपल्या ओपीडीत काय होतं? सोमवारचा दिवस, बाहेर रांग. बाई आत येते, हात पुढे करते आणि म्हणते, "हात दुखस." कुणी पावरी बोलते, कुणी मावची, कुणी भिली. डॉक्टर नंदुरबारच्या बाहेरचा असेल तर सिस्टर मधे पडून समजावते. रजिस्टरमध्ये इंग्रजीत 'जॉइंट पेन' असे दोन शब्द, पुढे वेदनाशामक गोळी, कॅल्शियम, मलम. पुढचा पेशंट. मी स्वतः अशी कितीतरी पानं भरली आहेत, त्यामुळे कुणा तरुण डॉक्टरला बोल लावायला मी इथे उभी नाही. शंभराच्या वर माणसं पाहायची असली की दोनच शब्द सुचतात.

या दोन शब्दांनाही कोड आहे: एम २५.५, सांधेदुखी. तो खोटा नाही. निदान झालं नसेल तर लक्षण लिहावं, हाच प्रामाणिकपणा. 'अनिर्दिष्ट' कोड म्हणजे आळस, असं काही सल्लागार मंडळी बैठकीत सांगतात, ते मला मान्य नाही. न पाहता एम १८.० लिहिण्यापेक्षा न कळलेलं एम २५.५ लाख पटीनं बरं. अडचण वेगळीच आहे. या जिल्ह्यात एम २५.५ च्या पोत्यात काय काय भरलं जातं, ते पाहायला हवं.

सिकलसेल आपल्याकडे घराघरात आहे. त्याच्या वेदनेच्या झटक्यात हाडं, सांधे ठणकतात. तान्ह्या बाळाच्या हातापायांवर सूज येणं हे कधी कधी त्याचं पहिलंच चिन्ह असतं. त्याचा कोड डी ५७ च्या घरातला. चिकुनगुनिया येऊन गेला की बोटं आणि मनगटं महिनोन्‌महिने धरलेली राहतात. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, हा तर वेगळाच आजार. त्याला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेत मिळाली नाहीत तर हात कायमचा वाकडा होतो. कुष्ठरोगात बोटं वाकतात. आणि यांच्या सोबत मिरची, कापूस, ऊस, खुरपं, जातं यांनी घासलेला हात. एवढ्या वेगवेगळ्या नशिबांना एक शब्द आणि एक गोळी.

खरं तर हे वेगळं काढायला यंत्र लागत नाही, आणि धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजीच्या संघटनेनं १९९० मध्ये हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे निकष ठरवले. गुडघ्यासाठी, खुब्यासाठी क्ष-किरण, रक्त यांची मदत घेतली आहे. हाताचे निकष मात्र निव्वळ पाहून आणि चाचपून ठरतात. हात दुखतो किंवा आखडतो का? दोन्ही हातांचे मिळून दहा ठरावीक सांधे आहेत: तर्जनी आणि मधलं बोट यांचे नखाजवळचे व मधले सांधे, आणि अंगठ्याचं मूळ. त्यांतले दोन तरी टणक फुगले आहेत का? नखाजवळचे दोन सांधे टणक आहेत का? त्या दहांतला एखादा वाकडा झाला आहे का? मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात, त्या सांध्यांपैकी सुजलेले तीनपेक्षा कमी आहेत का? दुखण्यासोबत या चारांपैकी तीन जुळले की निदान झालं. सूज मऊ आहे, उंचवट्यांवर आहे, सकाळी हात सुटायला तासाच्या वर लागतो, असं असेल तर आमवाताची शंका घ्या. पाच-दहा मिनिटांत हात मोकळा होत असेल तर बहुधा झीज. दोन मिनिटं रुग्णाचा हात हातात घ्यावा लागतो, बस. कोडिंगच्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही. तिथे संगणकाच्या पडद्यावर कोणती कळ दाबायची ते शिकवतात. पण कोड देणारा कागदावर असेल तेवढंच वाचू शकतो.

हाताबद्दल कुणी विचारतच नाही असंही नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आजारांच्या चाचपणीचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो: हातानं, बोटांनी वस्तू धरायला त्रास होतो का? प्रश्न उत्तम आहे, पण तो कुष्ठरोग शोधण्यासाठी घातला आहे. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेली बाई 'हो' म्हणते, तिच्या अंगावर चट्टे आहेत का, बधिरपणा आहे का हे पाहिलं जातं, काही सापडत नाही, सगळ्यांना हायसं वाटतं. कुष्ठरोग नाही, म्हणजे काही नाही. हंडा मात्र तिच्या हातून सुटतच राहतो.

या हातांचं काम काय आहे, ते नंदुरबारकरांना सांगायला नको. पावसाळा सरला की शहराच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची येते, वाळते, मग तिचे देठ काढायचे. हे काम बहुतांशी बायांचं. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट, एक झटका, पुढची मिरची. दिवसभर हेच. मजुरी वजनावर असली की हात थांबवणंही परवडत नाही. शरीराचं गणित इथे क्रूर आहे. कूनी आणि चाव यांनी १९७७ मध्ये हिशेब मांडला होता: चिमटीच्या टोकाला एक किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब पडतो.

काम आणि सांधा यांचा संबंध कुणी दाखवला आहे का? १९७८ मध्ये नॉर्टिन हॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका लोकरी कापडाच्या गिरणीत जाऊन वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या बायकांचे हात तपासले. गिरणी एकच, गाव एकच, कामं तीन. ज्या बायका चिमटीनं बारीक काम करत, त्यांची बोटं बिघडली होती. ज्या मनगट फिरवून काम करत, त्यांच्या मनगटात फरक पडला होता. कामानं हातावर आपली सही केली होती. वय, स्त्री असणं, पाळी जाणं, आईच्या बोटांना गाठी असणं ही कारणं आहेतच, आणि ती फार मोठी आहेत. केवळ मिरचीनं सांधे झिजतात असं मी म्हणत नाही. पण कुठला सांधा आधी जाईल, हे ठरवण्यात कामाचा वाटा असतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे मोजण्याचं मोठं काम झालं आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं भिगवण. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तिथे कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली पाहणी केली. गावातले स्वयंसेवक घरोघर गेले. माणसाचं चित्र छापलेला कागद समोर ठेवला, कुठे दुखतं तिथे खूण करायला सांगितलं आणि मग ज्यांना दुखत होतं त्यांना डॉक्टरांनी तपासलं. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. झिजेचे रुग्ण आमवाताच्या कितीतरी पट. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हे कधीच कळलं नसतं, कारण दुखणाऱ्या माणसाला दवाखान्यात यायला मजुरी बुडवावी लागते. मला त्या पाहणीतलं चित्र फार आवडतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या अंगठ्यावर खूण करता येते.

क्रमांकाचं आपल्या जिल्ह्याला अप्रूप नाही, उलट मान आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान आले होते. बारा आकडे आधी आपल्याला मिळाले, मग मुंबई-दिल्लीला. त्यावर आता आभा क्रमांक आला, चौदा आकड्यांचा, माणसाच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र बांधण्यासाठी. बारा अधिक चौदा, सव्वीस आकडे झाले. त्या माणसाच्या हाताला काय झालं आहे हे सांगणारी चार-पाच अक्षरं मात्र त्या सव्वीस आकड्यांच्या पोटात नाहीत. रेशनच्या मशिनवर 'अंगठा लागत नाही' ही तक्रार सगळ्यांनी ऐकली आहे. त्यात दोष सहसा सांध्याचा नसतो, कामानं पुसल्या गेलेल्या रेघांचा असतो. पण दोन्हीची मालकीण बहुतेकदा एकच बाई असते. रेघा पुसल्या तर डोळ्यांचं बुबुळ आहे, ओटीपी आहे, काहीतरी तोड निघते, कारण धान्य अडतं. सांधा झिजला तर काहीच अडत नाही. निदान सरकारचं तरी.

पैशाचं बोलते आणि थोडक्यात आवरते. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतो ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली. तिची रचना उपचारांच्या पॅकेजवर, मुख्यतः भरती होणाऱ्या रुग्णांसाठी. हाताच्या झिजेसाठी कुणी भरती होत नाही. गरम पाण्याचा शेक, लावायचं मलम, अंगठ्याला आधार देणारा पट्टा, बोटांचे व्यायाम, कामाची पद्धत थोडी बदलणं, एवढाच उपचार. स्वस्त आहे, म्हणूनच त्याचं पॅकेज होत नाही. आणि खरं सांगायचं तर या दुखण्यावर पॅकेज नको, असंच मला वाटतं. कोडला पैसा चिकटला की कोड फुगतात. मग प्रत्येक हाताला एम १८.० निघेल आणि आपण आज आहोत त्याहून आंधळे होऊ.

आयुषच्या मित्रांसाठीही दोन शब्द. संधिगत वात हे निदान आयुर्वेदात जुनंच आहे. २०१७ पासून 'नमस्ते' पोर्टलवर आयुष निदानांना राष्ट्रीय कोड मिळाले आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध, युनानीसाठी विभाग सुरू केला. चांगली गोष्ट आहे. आपल्याकडे ज्या बाईचा हात दुखतो ती आधी गावातल्या जाणत्याकडे जाते, मग आयुर्वेदिक डॉक्टरकडे, मग सरकारी दवाखान्यात. तिन्हीकडे नोंद झाली तर एका हाताचे तीन रुग्ण होऊ नयेत, एवढी काळजी घ्या.

तर मागणं काय आहे? नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, २०२० पासून इथे मुलं शिकत आहेत. त्यांना सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाकडून गावं पाहायची असतातच. एका हंगामात ती पथाऱ्यांवर जावीत. हातात भिगवणसारखं चित्र असावं, फक्त माणसाऐवजी दोन पंजांचं. कुठला सांधा, कुठली बाजू, सकाळी किती वेळ आखडतो, कोणतं काम किती वर्षं. तुलनेला डोंगरातल्या अशा बाया घ्याव्यात, ज्या देठ खुडत नाहीत. कोड देण्याची घाई तिथे करू नये. ते काम नोंदणी विभागातल्या प्रशिक्षित माणसानं नंतर शांतपणे करावं आणि जिथे कागद पुरेसं बोलत नाही तिथे एम २५.५ वर थांबावं.

आणखी एक कोड सांगायचा राहिला. दहाव्या आवृत्तीच्या जवळपास शेवटी वाय ९६ आहे. त्याचा अर्थ, कामाशी निगडित आजार. तो एकटा लिहीत नाहीत. मूळ निदानासोबत जोडतात. एम १८.० आणि त्याच्या शेजारी वाय ९६, असं एखाद्या केसपेपरवर आलं तर त्या दोन कोडांत पथारी, चिमूट, वजनावरची मजुरी, सगळं आलं. तो जोडायचा की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं, आणि त्यासाठी काम काय करता, हे विचारायचं. केसपेपरवर त्यासाठी 'व्यवसाय' असा रकाना छापलेला आहे. आज तो एकतर कोरा असतो, नाहीतर त्यात 'घरकाम' लिहिलेलं असतं. तिथे 'मिरची, देठ खुडणे, वीस वर्षे' एवढं मावतं. मी लिहून पाहिलं आहे.